आधी पुढची नमाज, मग मागचा हिशेब: काही वर्षांनी इस्लामकडे परतताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुस्लिम घरात वाढलेली व्यक्ती. बालिग झाल्यावर (वयात आल्यावर) काही वर्षं नमाज-रोजा नियमित होता, मग आठ वर्षं सगळं सुटलं. त्यातली पहिली 5 वर्षं निव्वळ आळसात गेली. शेवटची 3 वर्षं मात्र "मी आता हे मानत नाही" असं मनातही होतं आणि तोंडानेही बोलून झालं होतं. आता परतायचं आहे. कलमा (ईमानाची साक्ष) नव्याने पढावा लागेल का? गुस्ल (शुद्धीची पूर्ण अंघोळ) लागेल का? आठ वर्षांच्या नमाजांचं काय? निकाह शाबूत आहे का? आणि सुरुवात नेमकी कुठून करायची?

अस्सलामु अलैकुम. सुरुवात, कलमा आणि गुस्ल उरकून, आत्ता ज्या नमाजची वेळ चालू आहे, तिथून करायची. हे उत्तर वाचत असताना जोहरची वेळ असेल, तर जोहरपासून. बाकी सगळं, म्हणजे हिशेब, कजा (सुटलेल्या नमाज-रोजे नंतर भरून काढणं), निकाहचा मसला, त्यानंतर. परतू पाहणारे बहुतेक जण इथेच अडतात. आधी सगळं नीट शिकून घेऊ, कुरआन पुन्हा वाचता येऊ दे, वाईट सवयी सुटू देत, मग मुसल्ल्यावर उभं राहू, असं म्हणतात आणि त्यात आणखी दोन वर्षं जातात. इस्लाममध्ये आत यायला आधी स्वच्छ होऊन यावं लागत नाही. आत आल्यावर स्वच्छ व्हायचं असतं.

आता तुमच्या दोन काळांमधला फरक बघू, कारण पुढचे सगळे हुकूम त्यावर ठरतात.

पहिली 5 वर्षं नमाज सुटली, पण "नमाज फर्ज (बंधनकारक) नाही" असं तुम्ही म्हणाला नाहीत. हनफी, मालिकी आणि शाफई या मजहबांच्या (परंपरांच्या) फिक्हप्रमाणे, म्हणजे धर्मकायद्याप्रमाणे, अशी व्यक्ती मोठी गुनहगार आहे, पण मुस्लिमच आहे. हंबली परंपरेत आणि शेख इब्न बाज, शेख इब्न उसैमीन यांच्यासारख्या अलीकडच्या आलिमांच्या (धर्मविद्वानांच्या) मते नमाज पूर्णपणे सोडणं हेच ईमानातून बाहेर नेणारं आहे. या मतभेदाने घाबरून जायचं कारण नाही. दोन्ही मतांनुसार परतण्याचा रस्ता एकच आहे: तौबा (पश्चात्ताप करून परतणं) आणि नमाज.

शेवटची 3 वर्षं वेगळी आहेत. समजून-उमजून, कुणाची जबरदस्ती नसताना "मी मानत नाही" म्हणणं याला फिक्हमध्ये इर्तिदाद (धर्मत्याग) म्हणतात. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण उलट्या बाजूने गोंधळ करणारेही पुष्कळ आहेत. मनात शंका येणं म्हणजे इर्तिदाद नव्हे. सहाबांपैकी (प्रेषितांच्या सोबत्यांपैकी) काहींनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे तक्रार केली की मनात असं काही येतं की ते बोलून दाखवणंही जड जातं. त्यावर उत्तर मिळालं की हेच तर उघड ईमान आहे. ही हदीस (प्रेषितांच्या वचनांची नोंद) सहीह मुस्लिम या संग्रहात आहे. शंका आली आणि तिची भीती वाटली, तर ती भीती ईमानाची खूण आहे. रात्री दोन वाजता "अल्लाह खरंच आहे का?" असा प्रश्न पडला म्हणून सकाळी उठून पुन्हा कलमा पढत बसायचं, हे रोज करणारी माणसं आहेत. ते वस्वसे (मनाला छळणाऱ्या शंका) आहेत, त्यांना उत्तर देत बसू नये. तुमच्या बाबतीत मात्र ठाम नकार होता, म्हणून तुमचं परतणं कलम्यापासून सुरू होईल.

अशा परतण्याची तौबा कबूल होते का, ही शंका मनातून काढून टाका. कुरआनातल्या सूरह आले इमरानच्या 86 ते 89 या आयतींमध्ये ईमान आणल्यावर नाकारणाऱ्यांचा उल्लेख आहे आणि लगेच पुढे अपवाद आहे: ज्यांनी त्यानंतर तौबा केली आणि स्वतःला सुधारलं ते सोडून, कारण अल्लाह क्षमा करणारा आहे. इतिहासातही उदाहरणं आहेत. तुलैहा इब्न खुवैलिद अल-असदी यांनी तर स्वतःच पैगंबर असल्याचा दावा केला होता. पहिले खलीफा हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या काळात त्यांचा पराभव झाला, नंतर ते इस्लाममध्ये परतले आणि दुसरे खलीफा हजरत उमर (रजि.) यांच्या काळात कादिसियाच्या लढाईत मुस्लिमांच्या बाजूने लढले. अशअस इब्न कैस हेही असेच इस्लाम सोडून परतले आणि हजरत अबू बक्र (रजि.) यांनी स्वतःच्या बहिणीचा निकाह त्यांच्याशी लावून दिला. परतलेल्या माणसाला कायमचं दारात उभं ठेवायची रीत त्या पिढीत नव्हती.

कलमा असा: अश्हदु अल् ला इलाह इल्लल्लाहु व अश्हदु अन्न मुहम्मदन् अब्दुहू व रसूलुहू. मी साक्ष देतो की अल्लाहशिवाय कोणीही इबादतीस पात्र नाही आणि साक्ष देतो की मुहम्मद (स.) त्याचे बंदे आणि रसूल आहेत. अर्थ समजून, जिभेने उच्चारून म्हणायचा. साक्षीदार लागत नाहीत, मशीद लागत नाही, इमाम लागत नाही, प्रमाणपत्रही लागत नाही. नाव बदलायचं नाही. घरात दार लावून एकट्याने म्हटला तरी पुरतो. एक बारकावा मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. नकार जर एखाद्या ठरावीक गोष्टीचा असेल, म्हणजे "अल्लाहला मानतो, पण आखिरत (मरणानंतरचं जीवन) वगैरे काही नसतं" किंवा "नमाज-रोजा फर्ज नाही" असा, तर नुसता कलमा पढून भागत नाही. ज्या गोष्टीला नकार दिला होता, ती आता मान्य आहे, हेही स्पष्ट ठरवावं लागतं. कारण कलमा तर ती व्यक्ती नकाराच्या काळातही म्हणत होती.

गुस्लबद्दल: मालिकी आणि हंबली मतानुसार इस्लाममध्ये येताना गुस्ल वाजिब (आवश्यक) आहे. हनफी आणि शाफई मतानुसार जनाबतची (संभोग किंवा वीर्यस्खलनानंतरची) अवस्था असेल तर फर्ज, नसेल तर मुस्तहब (केलेलं चांगलं). इतक्या वर्षांत जनाबत झालीच असणार, तेव्हा चर्चा न करता गुस्ल करून टाका. हनफी पद्धतीत गुस्लचे फर्ज तीन: पूर्ण तोंड भरून चूळ, नाकाच्या मऊ भागापर्यंत पाणी आणि अंगावर केसाएवढीही जागा कोरडी न राहता पाणी. बाकीच्या मजहबांमध्ये नीयतही (मनातला इरादा) फर्ज आहे, म्हणून मनात नीयत करूनच पाणी घ्या. चुका ठरलेल्या ठिकाणी होतात: बेंबी, कानाच्या पाळीमागे, घट्ट अंगठीखाली, नखांवरच्या पॉलिशखाली. पॉलिशचा थर पाणी अडवतो, तो काढल्याशिवाय गुस्लही होत नाही आणि वुजूही (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं). मेंदीचा नुसता रंग पाणी अडवत नाही. मात्र कलमा आधी, गुस्ल नंतर. गुस्ल करेपर्यंत कलमा पुढे ढकलणं ही चूक आहे.

त्यानंतर दोन रकात (रकात म्हणजे नमाजचं एक आवर्तन) तौबाची नमाज पढता आली तर उत्तम. गुनाह झाल्यावर नीट वुजू करून दोन रकात पढून माफी मागितली की अल्लाह माफ करतो, अशी हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत हजरत अबू बक्र (रजि.) यांच्याकडून आली आहे. तौबाची अंगं तीन: गुनाह सोडणं, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा इरादा. कुणाचा हक्क मारला असेल तर चौथं अंग म्हणजे तो परत करणं. उधार बुडवलं असेल तर कलम्याने ते फिटत नाही. रक्कम लिहून काढा आणि द्यायला लागा.

आणि गुनाहांची यादी कुणालाही सांगायची नाही, इमामांनाही नाही, घरच्यांनाही नाही. इस्लाममध्ये माणसापुढे कबुलीजबाब नाही. उलट अल्लाहने झाकलेला गुनाह स्वतःहून उघड करणाऱ्यांबद्दल बुखारी आणि मुस्लिम या हदीससंग्रहांत कडक इशारा आहे. परतण्याच्या आवेगात लोक रडत रडत सगळं सांगून बसतात, आणि मग तीच गोष्ट पुढची वीस वर्षं नातेवाइकांच्या तोंडी राहते.

आता नमाज. विसरलेली नमाज परत येताना हातपाय लवकर येतात, जीभ मागे राहते. रुकू (वाकणं), सज्दा (कपाळ टेकणं), कअदा (बसणं) हे दोन-चार दिवसांत बसतं. सूरह फातिहा (कुरआनचा पहिला अध्याय) मात्र मध्येच कुठेतरी तुटते, बहुतेकदा "इय्याक नअबुदु" नंतर किंवा शेवटच्या आयतीत. सात आयती आहेत. रोज दोन आयती घ्या, कारींच्या (कुरआन पढणाऱ्यांच्या) ऑडिओसोबत 10-10 वेळा म्हणा, आठवड्याच्या आत पक्की होते. तिच्या जोडीला सूरह कौसर (3 आयती), सूरह अस्र (3) आणि सूरह इख्लास (4) एवढं महिनाभर पुरतं. नुसत्या देवनागरीवरून पाठ करण्यात एक धोका आहे. अरबीतले क़ाफ आणि काफ आपण दोन्ही "क" लिहितो, मोठा "हा" आणि छोटा "हा" दोन्ही "ह" होतात, ऐन तर गायबच होतो. क़ाफने "क़ल्ब" म्हणजे हृदय, काफने "कल्ब" म्हणजे कुत्रा. म्हणून देवनागरी समोर ठेवायला हरकत नाही, पण कान अरबी उच्चाराला लावलेले हवेत, आणि एकदा तरी कुणा जाणत्या माणसाला फातिहा ऐकवून दुरुस्त करून घ्यायला हवी.

फातिहा अजिबातच आठवत नसेल तर तोपर्यंत नमाज थांबवायची नाही. एका माणसाने प्रेषितांना (स.) सांगितलं की मला कुरआनातलं काही पाठ करणं जमत नाही. त्याला त्यांनी शिकवलं: सुब्हानल्लाह, वल्-हम्दु लिल्लाह, व ला इलाह इल्लल्लाह, वल्लाहु अकबर, व ला हौल व ला कुव्वत इल्ला बिल्लाह. शिकेपर्यंत उभं राहून हे म्हणा. जमातीने (सगळ्यांसोबत) पढली तर हनफी पद्धतीत इमामांच्या मागे मुक्तदीला (मागे उभ्या माणसाला) किरअत (कुरआनपठण) करायचीच नसते, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत जमात दुहेरी सोयीची.

किती पढायचं? फर्ज दिवसाला 17 रकात: फज्र (पहाट) 2, जोहर (दुपार) 4, अस्र (दुपारनंतर) 4, मगरिब (सूर्यास्त) 3, इशा (रात्र) 4. हनफींसाठी इशानंतरच्या वित्रच्या 3 वाजिब. सुन्नत-ए-मुअक्कदा (प्रेषितांनी नियमित पढलेल्या) 12 रकात आहेत आणि त्या सोडायची सवय लावून घ्यायची नाही. पण पहिल्या काही आठवड्यांत "सगळं किंवा काहीच नाही" असा पेच मनात उभा राहिला, तर 17 फर्ज आणि वित्र कुठल्याही परिस्थितीत धरा, सुन्नत एकेक करून जोडत न्या, फज्रच्या दोनपासून. मी हे ठामपणे सांगतो, कारण पडझड नेहमी एकाच पद्धतीने होते. पहिल्या आठवड्यात तहज्जुद, इश्राक (जादा नमाज), रोज एक पारा (कुरआनचा तिसावा भाग), सोमवार-गुरुवारचे रोजे. पाचव्या आठवड्यात एक फज्र चुकते, त्याची लाज वाटते, लाजेपोटी जोहरही राहते आणि महिन्याभरात पुन्हा सगळं शून्यावर. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस ठाऊक असेल: अल्लाहला सर्वांत प्रिय अमल (कृती) तो, जो नियमित आहे, मग थोडा का असेना.

फज्रचा प्रश्न बहुतेक वेळा ईमानाचा नसून झोपेचा असतो. इशा पढून लगेच फोन बाजूला ठेवला, गजर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आणि सूर्योदयाच्या किमान 30 मिनिटं आधीची वेळ लावली, तर निम्मं काम होतं. तरीही झोप लागली आणि वेळ गेली, तर जाग आल्यावर सूर्य नीट वर येऊ द्या, साधारण 15 ते 20 मिनिटं, आणि पढा. झोपेत किंवा विसरून राहिलेली नमाज आठवताच पढावी, असा स्पष्ट हुकूम आहे. "आज फज्र गेलीच, आता उद्यापासून" हे वाक्य मनातसुद्धा येऊ देऊ नका.

मागच्या नमाजांचा हिशेब. चारही मजहबांच्या बहुसंख्य फकीहांच्या (धर्मकायद्याच्या जाणकारांच्या) मते मुस्लिम असताना जाणूनबुजून सोडलेल्या नमाजांची कजा लागते. इब्न हज्म आणि इब्न तैमिय्या यांचं मत असं की जाणूनबुजून सोडलेल्या नमाजची कजा होतच नाही, तौबा करून नफिल (ऐच्छिक नमाज) वाढवायच्या. नकाराच्या काळाबद्दल मजहब वेगळे होतात. हनफी आणि हंबली मतानुसार त्या 3 वर्षांची कजा नाही. हनफींमध्ये त्याआधीच्या 5 वर्षांची थकबाकी मात्र उभीच राहते. मालिकी मतात त्याआधीचीही उतरते. शाफई मतात उलट आहे: नकाराच्या काळातल्या नमाजांचीही कजा द्यावी लागते. आपण ज्या मजहबावर अमल करतो त्याप्रमाणे चालावं. सोपं पडेल ते मत प्रत्येक मसल्यात वेगवेगळीकडून उचलू नये.

हनफी हिशेब असा मांडा. हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचं. 5 वर्षांचे 1,770 दिवस. रोजच्या 5 फर्ज आणि 1 वित्र, म्हणजे 6 नमाज. एकूण 10,620 नमाज, 35,400 रकात. सुन्नतांची कजा नाही. स्त्रियांनी हैजचे (मासिक पाळीचे) दिवस वजा करायचे: महिन्याला 6 दिवस धरले तर 5 वर्षांच्या 60 महिन्यांत 360 दिवस, उरले 1,410. बाळंतपण झालं असेल तर निफासचे दिवसही वजा, हनफी मतात जास्तीत जास्त 40. शाफईंनी आठ वर्षं धरायची, वित्र धरायची नाही: 2,832 दिवस गुणिले 17, म्हणजे 48,144 रकात. नमाज बालिग झाल्यापासून फर्ज होते. बालिग होण्याची खूण दिसली नसेल तर हनफी मतात 15 हिजरी वर्षं पूर्ण झाल्यावर, म्हणजे इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे साधारण साडेचौदाव्या वर्षी. लहानपणी सुटलेल्या नमाजांचाही हिशेब मांडून बसणारे आहेत, त्याची गरज नाही. आकडा नेमका आठवत नसेल तर जिथे मन भरेल तितका थोडा जास्त धरा.

35,400 हा आकडा बघून छाती दडपते. पण तो रोजच्या मापात आणला की 20 रकात होतात, सुमारे 40 मिनिटं, तीही दिवसभरात विभागून. सर्वांत टिकणारी पद्धत अशी: चालू जोहरसोबत एक कजा जोहर, चालू अस्रसोबत एक कजा अस्र. दिवसाला एका दिवसाची कजा उतरली तर 1,770 दिवस, म्हणजे 4 वर्षं 10 महिने. सुट्टीच्या दिवशी दुप्पट जमली तर लवकर. हनफी मतात सहा किंवा अधिक नमाज थकल्या की क्रमाचं बंधन उरत नाही, त्यामुळे आधी कजा मग चालू असा आग्रह धरू नका. नीयत अशी: "माझ्या जिम्म्यावरच्या फज्रपैकी पहिली फज्र पढतो." पुढच्या दिवशीही तीच नीयत. आधीची उतरलेली असल्याने पुढची आपोआप पहिली होते. कजा नमाज तीन वेळा पढू नये: सूर्य उगवताना, डोक्यावर असताना आणि मावळताना. फज्र आणि अस्रनंतर नफिल मना असल्या तरी कजा चालते, अस्रनंतर मात्र ऊन पिवळं पडायच्या आत. वेळ कमी असेल तर कजाच्या फर्जमध्ये तिसऱ्या-चौथ्या रकातीत फातिहाऐवजी तीनदा सुब्हानल्लाह म्हटलं तरी हनफी मतात नमाज होते. रुकू-सज्दा मात्र घाईने करायचे नाहीत. पाठ सरळ होण्याआधीच खाली गेलात तर त्या कजाचीच कजा मागे लागेल.

एका वहीत सहा रकाने आखा, रोज खुणा करा. आणि ज्या गोष्टीमुळे कित्येक जण फसतात ती ऐकून ठेवा: रमजानच्या शेवटच्या जुम्म्याला चार रकात "कजा-ए-उम्री" पढली की आयुष्यभराच्या सुटलेल्या नमाज माफ होतात, ही गोष्ट निराधार आहे. दहा हजार नमाज चार रकातींत उतरत नाहीत.

रोजे: 5 रमजान, 30 धरून 150 रोजे. मुळात न ठेवलेल्या रोज्यांना एकास एक कजा. कफ्फारा, म्हणजे सलग 60 रोजे, हा रमजानचा रोजा ठेवून मग विनाकारण मुद्दाम मोडला तर येतो. कशाने मोडल्यावर येतो, यात मजहबांचा फरक आहे. आठवड्याला दोन ठेवले तर 75 आठवडे लागतात, आणि लहान दिवसांच्या हंगामात जास्त उरकता येतात. दोन्ही ईद आणि ईदुल अज्हाच्या पुढचे तीन दिवस, असे पाच दिवस रोजा ठेवता येत नाही. कजा रोज्याची नीयत सुबह-ए-सादिकच्या (पहाटेच्या पहिल्या उजेडाच्या) आधी हवी. सकाळी नऊ वाजता "काही खाल्लं नाहीये, कजाचाच धरून टाकू" असं ठरवलं तर तो नफिल होतो, कजा डोक्यावर तशीच राहते. धडधाकट माणसाने रोज्याऐवजी फिदिया (गरिबाला अन्न) देऊन मोकळं होता येत नाही. स्त्रियांना हैजमधल्या नमाजांची कजा नाही, पण रोज्यांची आहे. हा फरक विसरून कित्येकींचे दरवर्षीचे सहा-सात रोजे हिशेबातून सुटतात.

जकात (मालमत्तेवरचं बंधनकारक दान) फक्त ज्या वर्षी निसाब (ती लागू होण्याइतकी किमान मालमत्ता) होता त्या वर्षाची. निसाब साडेसात तोळे म्हणजे 87.48 ग्रॅम सोनं, किंवा साडेबावन्न तोळे म्हणजे 612.36 ग्रॅम चांदी. दर अडीच टक्के. अनेक वर्षांची एकदम काढताना मागच्या वर्षाची देय जकात वजा करून पुढचं वर्ष मोजतात. 100 ग्रॅम सोनं तीन वर्षं पडून असेल तर पहिल्या वर्षी 2.5 ग्रॅम, दुसऱ्या वर्षी 97.5 वर 2.44, तिसऱ्या वर्षी 95.06 वर 2.38, मिळून सुमारे 7.31 ग्रॅम. नकाराच्या काळाची आणि त्याआधीच्या थकलेल्या जकातीची बाब मुफ्तींना (धर्मनिर्णय देणाऱ्या आलिमांना) विचारून ठरवा. व्याजाचा पैसा हाती आला असेल तर तो सवाबची (पुण्याची) अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकायचा. त्याने जकात भागत नाही.

आधी हज केला असेल तर हनफी आणि मालिकी मतात ऐपत असल्यास पुन्हा करावा लागतो. शाफई मतात पूर्वीचा हज कायम राहतो.

निकाहचा मसला सर्वांत नाजूक आहे आणि लोक तो सर्वांत शेवटी विचारतात. हनफी आणि मालिकी मतात ठाम नकारासोबतच निकाह तुटतो. शाफई आणि हंबली मतात, पती-पत्नी एकत्र राहिलेले असतील तर इद्दत (विभक्त झाल्यावर थांबायचा ठरावीक काळ) संपेपर्यंत वाट बघतात. इद्दतच्या आत परतलात तर निकाह शाबूत, नाहीतर तुटला. तीन वर्षं म्हणजे इद्दत केव्हाच संपली. त्यामुळे तुम्ही वर्णन केलेली स्थिती खरी असेल तर निकाहचं नूतनीकरण लागेल. ते अवघड नाही: दोघांची रजामंदी, ईजाब-कबूल (प्रस्ताव आणि स्वीकार), दोन मुस्लिम साक्षीदार, नवा महर (पतीने पत्नीला द्यायची रक्कम, थोडी चालते) आणि ज्या मजहबात वलीची (वधूच्या पालकाची) अट आहे तिथे वली. मांडव-पाहुणे काही नको. तीन तलाक झालेले नसल्याने हलालाचा (मध्ये दुसऱ्याशी निकाह होण्याचा) इथे प्रश्नच नाही. पण तुमचे ते शब्द खरोखर इर्तिदादच्या व्याख्येत बसतात का, हे मुफ्तींनीच ठरवायचं. रागाच्या भरात, आजारपणात किंवा नैराश्यात बोललेलं आणि थंड डोक्याने सांगितलेलं यात फरक पडू शकतो. त्यांच्याकडून उत्तर येईपर्यंत पती-पत्नीने अंतर राखावं.

मुफ्तींना प्रश्न लेखी द्या. त्यात एवढंच लिहा: कोणता मजहब, निकाहची तारीख, नमाज कधीपासून सुटली, नकार कधी केला, तोंडाने नेमके कोणते शब्द बोलला, कोणापुढे, परत कलमा कधी पढला. मधल्या काळात तलाकचा शब्द उच्चारला गेला असेल तर तोही तारखेसह. खरी नावं नकोत. कोणते गुनाह केले याची यादी नको. ज्यावर हुकूम अवलंबून आहे तेवढंच. उत्तरही लेखी घ्या, कारण तोंडी उत्तर चार महिन्यांनी वेगळंच आठवतं.

दूर जाण्याचं कारण काय होतं, हेही एकदा स्वतःशी वेगळं करून बघा. एखाद्या मौलानांचा अपमानकारक बोल, घरातली जबरदस्ती, लहानपणी पडलेला मार, यामुळे दुरावा आला असेल तर तो राग त्या माणसांवरचा आहे, आणि तो लगेच शमला नाही तरी नमाज अडत नाही. कारण वैचारिक असेल, म्हणजे तकदीर, दुःख, काही हुकूम, तर ते प्रश्न नमाज सुरू झाल्यावर आपोआप विरतील असं मी सांगणार नाही. ते लिहून काढा, एका वेळी एकच घ्या, आणि तो विषय खरोखर शिकलेल्या आलिमांपुढे मांडा. व्हिडिओंमधल्या वादविवादांतून उत्तर कमी आणि धडधड जास्त मिळते. नमाजमध्ये पहिले काही महिने काहीच "वाटलं" नाही तरी ती नमाज कबूल होण्याच्या आड येत नाही. रडू येणं ही अट नाही.

एक शेवटची व्यावहारिक गोष्ट, कारण बरेच जण मशिदीच्या दारातूनच परत फिरतात: उशीर झाला, जमात अर्ध्यावर आली, आता आत शिरायचं कसं ते आठवत नाही, लोक बघतील. असं करा. समजा मगरिबची तिसरी रकात चालू आहे. धावू नका. सफमध्ये (रांगेत) जिथे जागा असेल तिथे उभे राहा, उभ्यानेच तक्बीर-ए-तहरीमा (नमाज सुरू करणारं अल्लाहु अकबर) म्हणा, मग इमाम ज्या स्थितीत असतील त्यात जा. रुकूत सापडले तर ती रकात मिळाली, रुकूनंतर सापडले तर नाही. इमामांसोबत बसा, अत्तहिय्यात (बसून म्हणायचा पाठ) पढा, आणि त्यांनी सलाम फेरला तरी तुम्ही फेरू नका. दोन्ही बाजूंचा सलाम पूर्ण झाला की अल्लाहु अकबर म्हणत उठा. तिसरी रकात मिळाली असेल तर आता एक रकात फातिहा आणि सूरहसह पढा, अत्तहिय्यातसाठी बसा. उठून दुसरी रकातही फातिहा आणि सूरहसह पढा, पुन्हा बसा, अत्तहिय्यात, दुरूद, दुआ, आणि मग तुमचा स्वतःचा सलाम.